आडवा धरला की नीलम पाण्यासारखा दिसतो, खडा बदलला असेल का?

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढून राहिले आणि तोही डोकं खराब झालं म्हणून. आजोबांची एक सोन्याची अंगठी आहे, वर निळा खडा. लहानपणापासून "आजोबांचा नीलम" असंच ऐकलंय. खडा हलायला लागला होता आणि दादाला घट्ट होत होती म्हणून मागच्या आठवड्यात इतवारीत, सराफ्यात, आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे दिली. त्यांनी कोंदण उघडून खडा बाहेर काढला, कागदाच्या पुडीत घातला आणि म्हणाले ताई सोनं वाढवायला चार दिवस लागतील, खडा घरीच न्या, माझ्याकडे जोखीम नको. आणला.

घरी खिडकीत पुडी उघडली. वरून पाहिलं तर तोच, गर्द निळा, थोडा जांभळट. मग सहज दोन बोटांत आडवा धरला म्हणजे कडेकडून आरपार पाहिलं आणि निळा गायबच! पाणी! अगदी हलकी पिवळट झाक, बर्फ विरघळलेल्या लिंबूसरबतासारखी. परत वळवला तर परत निळा. दहाबारा वेळा केलं. आई म्हणे खडा बदलला. चाळीस वर्षांचा ओळखीचा माणूस आहे हो, तोंडावर बोलायची हिंमत नाही, पण रात्रभर झोपही नाही. यातलं कोणाला कळत असेल तर प्लीज सांगा. दोन्ही बाजूंचे फोटो टाकलेत.

बुवा_बाप्पा
काय बाप्पा! त्यानं तुह्यासमोर काढला, तुह्याच हातात देला, तो बदलीन कवा? चहा पे अन् झोप.

दुपारचा_चहा
मी मधे पाच मिनिटं फोन आला म्हणून बाहेर ओट्यावर गेले होते ना. तेच तर.

बुवा_बाप्पा
मंग लफडं हाय.

खडकफोड्या
लफडं नाही, निदान फोटोंवरून तरी वाटत नाही. सोनाराला काही बोलू नका आत्ताच.

तुम्ही जे वर्णन केलंय, वरून जांभळट निळा आणि कडेनं जवळपास बिनरंगी पिवळट, ते वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते नीली. इंग्रजीत आयोलाइट, आमच्या खनिजांच्या यादीत कॉर्डिएराइट. हिला पूर्वी व्यापारी "पाण्याचा नीलम" पण म्हणत. ही काच नाही आणि नकलीही नाही, खरंखुरं नैसर्गिक रत्न आहे, फक्त नीलम नाही. तीन दिशांनी पाहिलं तर तीन रंग: एका दिशेनं जांभळट निळा, दुसरीनं फिकट निळा, तिसरीनं पिवळट ते पाणी. खडा बदलत नाही, तुम्ही दिशा बदलताय.

कारण असं की स्फटिकात अणू ओळीनं बसलेले असतात आणि ती मांडणी सगळ्या दिशांना सारखी नसते. प्रकाश म्हणजे कंप पावणारी लहर, ती उभी कंप पावते की आडवी यावर स्फटिक तिच्यातला कुठला रंग गिळणार ते ठरतं. नीलीत थोडं लोह असतं, दोन प्रकारचं, आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनची जी देवघेव होते ती ठराविक दिशेच्या कंपनानेच होते. त्या दिशेत पिवळा-नारिंगी प्रकाश खाल्ला जातो, उरतो निळा. दुसऱ्या दिशेत खाणारं फारसं कोणी नाही, मग पाणी. काचेत अणूंची अशी शिस्त नसते म्हणून काच कशीही फिरवा, रंग तोच. म्हणजे हा जो प्रकार पाहून तुम्ही घाबरलात तो उलट तुमचा खडा काच नसल्याचा पुरावा आहे.

एक सावधगिरी मात्र. खरा नीलमसुद्धा कधीकधी कडेनं पांढरा दिसतो! श्रीलंकेच्या खड्यांत रंग एका कोपऱ्यातच साठलेला असतो, पैलू पाडणारा तो ठिपका बरोबर तळाच्या टोकाशी ठेवतो आणि वरून सगळा खडा निळा भासतो. तिथे रंग *जागेवर* अवलंबून आहे, नीलीत *दिशेवर*. हा फरक तपासता येतो. घरात लॅपटॉप आहे का?

दुपारचा_चहा
लॅपटॉप?? आहे की. काय करू? (आणि खूप खूप धन्यवाद काका, काका म्हटलं तर चालेल ना)

खडकफोड्या
चालेल, केस पांढरे आहेतच.

लॅपटॉपच्या साध्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश आधीच एका दिशेत कंप पावणारा असतो, त्यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. कोरं पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडा, ब्राइटनेस फुल, खोलीतले दिवे बंद. खडा भुवयांच्या चिमट्यात धरा, कडेनं, म्हणजे जिथून पाणी दिसतं तिथूनच, पडद्यासमोर. आणि आता डोकं, डोळा, पडदा काही न हलवता फक्त खडा घड्याळाच्या काट्यासारखा पाव फेरा फिरवा. पाहण्याची बाजू तीच राहायला हवी हे महत्त्वाचं. रंग बदलला तर दिशेचा खेळ. नाही बदलला तर परत या, मग बोलू.

मीनाकारी
मस्त धागा. मी जयपूरला खडे घासायला शिकले, आता नागपुरात घरीच छोटी घासाईची मशीन आहे, शेजारी वैतागलेत. नीली घासताना याचाच ताप. कच्चा तुकडा हातात घेऊन आधी फिरवत बसायचं, सगळ्यात गर्द निळा कुठून दिसतो ते बघायचं आणि टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू तिकडेच काढायचा. वजन वाचवायला गेलं आणि टेबल दुसरीकडे काढलं की झालं कल्याण, महाग कच्चा माल आणि वर पाण्याचा थेंब. तुमच्या आजोबांचा खडा ज्याने कोणी पाडला त्याला काम येत होतं.

मी नवीन लोकांना हे समजवायला धूपछाव साडीचं उदाहरण देते. ताणा निळा, बाणा जांभळा, पदर हलवला की रंग फिरतो. तसंच.

शंकेखोर_मास्तर
उदाहरण छान पण थोडं फसवं आहे. धूपछाव साडीत दोन रंगांचे दोन वेगळे धागे आहेत, कोनानुसार कधी हा जास्त दिसतो कधी तो. नीलीत दोन धागे नाहीत, एकाच ठिकाणचा एकच पदार्थ प्रकाशाच्या कंपनदिशेप्रमाणे वेगळा वागतोय. आणि लॅब्राडोराइट (राखाडी दगड, ठराविक कोनातून निळा-सोनेरी चमकतो) घेतलंत तर तिथे धाग्याला स्वतःचा रंगच नाही! पूड केली तर राखाडी-पांढरी भुकटी, निळा-सोनेरी सगळं गेलं. तिथे आत फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या दोन किंचित वेगळ्या प्रकारांचे पापुद्र्यासारखे थर असतात, एकेक थर शंभर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण आठशेवा-हजारावा भाग. वरच्या थरावरून परतलेली लहर आणि खालच्या थरावरून परतलेली लहर एकत्र येतात, काही रंगांच्या जोडतात, काहींच्या एकमेकींना मारतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यावर जे रंग असतात ना, त्याच घराण्यातलं. कोन बदलला की लहरीला आत जास्त-कमी चालावं लागतं, जोडीचा रंग बदलतो.

म्हणून साडीपेक्षा मोरपीस बरं.

मीनाकारी
मास्तर तुम्ही वर्गात पण असंच मुलींना रडवत असाल 😄 पण मान्य.

लॅब्राडोराइटवरून माझी फजिती सांगते. पहिला तुकडा आणला होता, एका बाजूने काय निळा पेटायचा! उत्साहात त्याला छान बदामाचा आकार दिला, सेरियमने पॉलिश केला, चांदीत बसवला, बहिणीला वाढदिवसाला लॉकेट दिलं. तिने गळ्यात घातलं आणि आम्ही सगळे समोर उभे, दगड राखाडी. फरशीचा तुकडा. ती मान खाली घालून बघते आणि ओरडते अगं केवढा निळा आहे! म्हणजे चमक फक्त वरून तिरकं पाहणाऱ्याला, घातलेलीलाच दिसायची, बाकी जगाला राखाडी. तळ त्या थरांना समांतर घासायला हवा होता, मी तिरका घासला, पाहून नाही घेतलं. आता कच्चा तुकडा आधी ओला करते (पाण्याने पॉलिशसारखंच दिसतं), दिव्याखाली हळूहळू फिरवते, चमक सगळ्यात जोरात पेटली की तिथेच मार्करने रेघ, मगच करवत.

बहीण अजून तेच लॉकेट घालते, म्हणते माझ्यापुरता दागिना आहे.

हेलसिंकीकर_भाऊ
वाचतोय, लै भारी. आमच्या इकडे फिनलंडात इलामा नावाच्या गावचं लॅब्राडोराइट मिळतं, त्याला स्पेक्ट्रोलाइट म्हणतात. महायुद्धाच्या काळात तटबंदीसाठी दगड काढताना सापडलं म्हणे. काळ्या दगडात निळा हिरवा नारिंगी सगळं, साधं लॅब्राडोराइट त्यापुढे फिकं. आणि मास्तर, नागपुरात पण दिसते ही गोष्ट, मागच्या वेळी आलो तेव्हा एका ऑफिसच्या लॉबीत "ब्लू पर्ल" ग्रॅनाइट लावलेलं पाहिलं. चालता चालता एकेक तुकडा पेटतो आणि विझतो. तो ग्रॅनाइट नाहीच मुळात, नॉर्वेतल्या लार्विकचा दगड, आत असंच झळकणारं फेल्डस्पार.

बुवा_बाप्पा
आमच्या बँकेत हाय तो. म्या समजलो पुसाले येते तो पोट्टा चमक टाकून ठेवते.

खडकफोड्या
😂

चेंडू आता माझ्या अंगणात आलाच आहे तर एक आपल्या भागातली गोष्ट. इथे बसून कोणी म्हणेल असले रंगीत दगड म्हणजे श्रीलंका नाहीतर ब्राझील. रामटेककडे काचूरवाही नावाचं गाव आहे. तिथल्या मँगनीजच्या खाणीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फर्मोर या भूवैज्ञानिकाला पायरॉक्सीन गटातलं एक खनिज मिळालं, त्याचं नाव त्यांनी ब्लॅनफर्डाइट ठेवलं. आता स्वतंत्र खनिज म्हणून ते नाव चालत नाही, मँगनीजवालं एक उपरूप मानतात, पण रूप काय सांगू! दगडाची तीन शतांश मिलिमीटर जाडीची चकती काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, खाली ध्रुवक (प्रकाश एकाच दिशेत कंपणारा करणारी चकती), आणि दगड ठेवलेली बैठक फिरवायची. गुलाबी... फिरवा... आकाशी. परत गुलाबी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आमचे सर मागून म्हणाले बाकीच्यांनाही पाहू दे, तरी पाच मिनिटं उठलो नव्हतो. ते अंगठीत घालण्यासारखं नाही, पण ताईंच्या नीलीत जे चाललंय ते हेच.

शंकेखोर_मास्तर
आणि नागपूरचा अजून एक धागा जोडतो. सी. व्ही. रामन १९१०च्या सुमारास नागपुरात होते, नोकरी अकाउंट्सची! पुढे नोबेल वगैरे सगळं झाल्यावरही त्यांना रत्नांचं वेड राहिलं, लॅब्राडोराइटच्या झळाळीवर १९५०मध्ये जयरामन यांच्याबरोबर त्यांचा शोधनिबंध आहे, ओपलवर, चंद्रकांत मण्यावर, मोत्यावरही काम आहे. बंगळुरूच्या त्यांच्या संस्थेत तो खड्यांचा संग्रह आहे अजून.

ओपलचं कोडं मात्र नंतर सुटलं. १९६४मध्ये ऑस्ट्रेलियात सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आत सिलिकाचे एकसारखे गोळे, दुकानात संत्री रचतात तसे थरावर थर. गोळे दीडशे ते तीनशे नॅनोमीटर. लहान गोळे असतील तर निळा-जांभळाच निघतो, लाल निघायला गोळे मोठे लागतात, म्हणून लाल चमकणारा ओपल महाग. गोळे ओबडधोबड रचले गेले असतील तर दुधी दगड, चमक शून्य.

संत्राबर्फी
मास्तर संत्र्याचं उदाहरण दिल्याबद्दल नागपूरकरांतर्फे आभार 🍊
मला एक विचारायचंय. मी लसण्या घेतला होता, दुकानात मधोमध पांढरी रेघ काय सरकायची, मांजराचा डोळा अगदी. घरी ट्यूबलाइटखाली रेघच नाही, धुरकट पट्टा. फसवलं का?

मीनाकारी
नाही गं, ट्यूब फसवते. लसण्यात सुयांसारख्या बारीक पोकळ्या एकाच दिशेत असतात. रेशमाच्या रिळावर प्रकाशाची रेघ पडते ना दोऱ्याला आडवी, तसं. घुमटासारखा घासला की ती रेघ एका ओळीत गोळा होते, म्हणून लसण्याला कधी पैलू नसतात. पण दिवा एक आणि छोटा हवा. दुकानात डोक्यावर एकच एलईडी स्पॉट असतो, घरी चार फूट लांब ट्यूब, जितका दिवा लांब तितकी रेघ फाकते. मोबाइलचा टॉर्च धर वरून, नाहीतर दुपारी गच्चीवर जा. फक्त मे महिन्यात जाऊ नकोस, खडा राहील, तू वितळशील.

स्टार माणकाचंही तेच, तिथे सुया तीन दिशांनी असतात, एकमेकींना साठ अंशांत, म्हणून सहा किरणांचा तारा. ढगाळ दिवशी तारा दिसतच नाही. आणि खडा हलवला की तारा सरकला पाहिजे. जो तारा जागचा हलत नाही, रेघा नको तितक्या आखीव आणि खालचा तळ एकदम गुळगुळीत, तिथे जरा थांबायचं.

संत्राबर्फी
टॉर्च धरला. आली रेघ!! 🙏🙏 चार महिने त्या दुकानदाराला शिव्या देऊन राहिले होते मी.

जुनी_पेटी
याच चर्चेत अलेक्झांड्राइट पण येतो का? दिवसा हिरवा रात्री लाल.

शंकेखोर_मास्तर
तो शेजारच्या गल्लीतला. त्याचा मुख्य खेळ कोनाचा नाही, दिव्याचा. आत क्रोमियम असतं, ते पिवळा भाग खाऊन टाकतं, लाल आणि हिरवा दोन्ही बाजूंना जवळपास बरोबरीत उरतात. उन्हात निळा-हिरवा भरपूर म्हणून पारडं हिरव्याकडे, जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा समईपुढे लाल भरपूर म्हणून पारडं लालकडे. पांढऱ्या एलईडीत मात्र धड ना हे ना ते दिसू शकतं. खडा बघायला जाताना दुकानाच्या दारापर्यंत जाऊन उजेडात बघू द्या म्हणायला लाजायचं नाही, कुठलाही खडा असो.

दुपारचा_चहा
आले! काका, केलं. दादाने लॅपटॉप धरला, मी चिमटा. आधी चिमट्यातून खडा दोनदा उडाला, एकदा तर सोफ्याखाली, आईचा चेहरा बघण्यासारखा होता. तिसऱ्यांदा जमलं. कडेनं धरला, पिवळट पाणी. हलकेच फिरवला, तसाच कडेनं, बाजू तीच... आणि निळा चढत गेला! पाव फेऱ्यात पूर्ण जांभळट निळा. आणखी फिरवला की परत पाणी. दादा म्हणे हे काय जादू, मग त्याने माझ्या हातातून घेतला आणि अर्धा तास तेच करत बसला.

म्हणजे नीलीच ना? पण मग प्रश्न तोच राहिला ना काका, आजोबांचा नीलम गेला आणि त्याजागी नीली आली, असंही असू शकतं.

खडकफोड्या
नीलीच म्हणावं असं दिसतंय, नीलम इतका पाण्यापर्यंत उतरत नाही, त्याचे दोन रंग म्हणजे जांभळट निळा आणि हिरवट निळा. पण तुमचा दुसरा प्रश्न प्रकाशाने सुटणारा नाही. जुनी पावती आहे का घरात? सराफ्याचे जुने लोक वजन नक्की लिहीत.

आणि सोनारकाकांकडेच जा, आरोप न करता. कॅरेटच्या काट्यावर खडा आधी हवेत तोला, मग बारीक तारेच्या झोळीत घालून पाण्यात बुडवून तोला. हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन, म्हणजे खडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते कळतं. नीलम असेल तर ४ च्या आसपास येईल, नीली असेल तर २.६.

बुवा_बाप्पा
पावती घरात असणं म्हंजे तुमच्या आजीनं बिस्किटाच्या डब्यात ठेवली असन.

दुपारचा_चहा
बुवा तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का 😳 बिस्किटाच्याच डब्यात होती!! आजीने काढून दिली, घडीवर फाटलेली, शाई तपकिरी झालेली. त्यात लिहिलंय, अक्षरशः, "नीली १ नग, सव्वापाच रत्ती". नीली!! आजीला विचारलं तर म्हणे हो, महाराजांनी नीलम सांगितला होता पण तेवढे पैसे कुठले, त्यांनीच सांगितलं नीली चालते म्हणून. मग घरात नीलम नीलम कोण म्हणायला लागलं? तर म्हणे तुझे आजोबाच, चारचौघांत.

आज इतवारीत जाऊन आले. काकांना आधी लॅपटॉपचं सांगितलं तर ते नुसते हसले, म्हणाले ताई मला खडा काढल्याबरोबरच कळलं होतं, पण तुम्ही नीलम म्हणता, आजोबांची वस्तू, मी कशाला बोलू. मग काट्याची गंमत केली. हवेत ४.७६ कॅरेट. पाण्यात २.९४.

खडकफोड्या
घट १.८२. ४.७६ भागिले १.८२ म्हणजे २.६२. नीली.

आणि रत्तीचे हिशेब ठिकठिकाणी वेगळे असतात, पण ०.९१ कॅरेटची रत्ती धरली तर सव्वापाच रत्ती म्हणजे ४.७८ कॅरेट. तुमचा भरला ४.७६. उरलेलं काट्याकाट्यातला फरक म्हणा, नाहीतर आजोबांच्या बोटावर झिजलं म्हणा. तोच खडा आहे ताई.

मीनाकारी
😭 इतकी वर्षं बंद कोंदणात होता म्हणून कडेनं कोणी पाहिलाच नाही. परत बंद करू नका हं!

दुपारचा_चहा
तेच केलं. काकांना म्हटलं बाजू उघड्या ठेवा, चार चिमट्यांवर बसवा. ते म्हणाले कुठे टेकली की अडकेल, जपून घालायला सांगा दादाला. अंगठी काल मिळाली. आईने सोनारकाकांसाठी संत्राबर्फी पाठवली, कशाबद्दल ते मात्र त्यांना सांगितलेलं नाही.

आजीला दाखवली. तिने वरून पाहिली, मग मी हात आडवा करून कडेनं पाणी दाखवलं. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, ह्या एवढ्या फटी ठेवल्या, कणीक अडकेल ना यात.

बुवा_बाप्पा
दादा कणीक मळते का पण?

दुपारचा_चहा
आता मळेल.